पुंजी कोणाच्या वयापर्यंत पुरायला हवी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय ५४, नुकतंच पूर्ण झालेलं. चाकणमधल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर, नोकरीची २७ वर्षं. चिंचवडला स्वतःचा फ्लॅट, कर्ज फिटलेलं. पत्नी ५२ वर्षांच्या. घरी दहावीच्या शिकवण्या घेतात, त्यातून महिना १२ हजार मिळतात आणि 'ते भाजी-किराण्यातच जातात'. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, बाहेरगावी हॉस्टेलवर. राजापूर तालुक्यात ७९ वर्षांची आई, धाकटा भाऊ, सामाईक घर आणि हापूसची ४० कलमं. पीएफ ८२ लाख, म्युच्युअल फंड ४१ लाख, मुदत ठेवी २६ लाख, ग्रॅच्युइटी साधारण ११ लाख, म्हणजे एकूण १ कोटी ६० लाख. घरखर्च महिना ५५ हजार. पीएफ दोन्ही बाजूंचा मिळून महिना साडेपंधरा हजार, एसआयपी २५ हजार. सहा वर्षांपासून मधुमेह. कंपनीत निवृत्तीचं वय ५८. 'कामात आता जीव रमत नाही. गावी राहायचंय, चालत नर्मदा परिक्रमा करायचीय, आईजवळ थोडे दिवस काढायचेत. मित्र म्हणतात, एवढे पैसे खूप झाले. बायको म्हणते, घरी बसून काय करणार? गावाला मी पंधरा दिवस येईन, कायमची नाही. ५५ ला सोडू की ५८ पर्यंत ओढू?'

नमस्कार,

तुमच्या पत्रात ५५ आणि ५८ हे आकडे पुन्हा पुन्हा येतात. पत्नीचं वय मात्र एकदाच, जाता जाता. हिशेबाची सुरुवात तिथूनच करायला हवी. पुंजी तुम्हाला पुरून चालणार नाही, ती तुमच्या दोघांत जो मागे राहील त्याला पुरायला हवी. त्या तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत. त्यांच्या नव्वदीपर्यंतची सोय धरली, तर आजपासून ३८ वर्षं होतात. तुमच्या मित्रांनी 'खूप झाले' म्हणताना मनात वीस वर्षं धरली असावीत, कारण १ कोटी ६० लाखांना तुमच्या खऱ्या वर्षाच्या खर्चाने भागलं तर १९ येतात.

तुमचा खरा खर्च ५५ हजार नाही. हे ५५ हजार तुमच्या पगारातून जाणारे आहेत. भाजी-किराण्याचे १२ हजार पत्नीच्या शिकवणीतून जातात, ते यात धरलेलेच नाहीत. आरोग्य विम्याचा हप्ता आज कंपनी भरते. तुमच्या वयाला, मधुमेहासह, दोघांसाठी महिना पाच हजार तरी वेगळे काढा. वर्षातून एकदा येणारे खर्च, म्हणजे रंगकाम, गाडीचा विमा आणि टायर, फ्रिज बिघडणं, लग्नांचे आहेर, गावच्या फेऱ्या, दाताचं काम, हे सगळे मिळून वर्षाला लाखभर होतात, महिन्याला आठ हजार. झाले ८० हजार. पुढच्या जूनमध्ये मुलाच्या हॉस्टेलचे दहा हजार थांबतील. उरले ७० हजार, वर्षाला ८ लाख ४० हजार. मुलाचं लग्न यात नाही. त्यासाठी जी रक्कम मनात असेल ती आजच पुंजीतून बाजूला काढा, कारण निवृत्तीच्या हिशेबात सगळ्यात मोठं भोक बहुधा तिथेच पडतं.

हा अंदाज माझा आहे, म्हणून तो तपासा. मागच्या १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयचा इतिहास घेऊन पत्नीसोबत बसा. नुसती रोजच्या खर्चाची वही पुरत नाही. वर्षातून एकदाच येणारी रक्कम तिच्यात दिसत नाही.

आता पुंजीचं गणित. पीएफवर २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांत ८.२५ टक्के व्याज मिळालं. मुदत ठेवींवर त्याहून कमी मिळतं, फंडांवर जास्त मिळू शकतं पण त्याची खात्री नसते. सरासरी आठ टक्के आणि महागाई सहा टक्के धरली, तर हातात खरे दोनच टक्के उरतात. सहा टक्क्यांच्या महागाईत खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो. म्हणजे आजचे ७० हजार तुमच्या ६६ व्या वर्षी १ लाख ४० हजार झालेले असतील. खरा परतावा दोन टक्के धरला, तर वर्षाच्या खर्चाच्या किती पट पुंजी लागते? २० वर्षांसाठी १६.४ पट, २५ साठी १९.५, ३० साठी २२.४, ३५ साठी २५ आणि तुमच्या ३८ वर्षांसाठी २६.४ पट. इतर वाचकांनीही हेच गुणक वापरायला हरकत नाही, फक्त वर्षं मोजताना जोडीदारात जो लहान असेल त्याचं वय धरायचं.

तुम्हाला आज लागतात साधारण २ कोटी २२ लाख. आहेत १ कोटी ६० लाख. तूट ६२ लाखांची. ५५ ला सोडलंत तर ती ५० लाखांवर येते, ५६ ला ३४, ५७ ला १९ आणि ५८ ला तीनेक लाख. (सगळे आकडे आजच्या रुपयांत आहेत, आणि मुलाची फी नि हॉस्टेल थांबल्यावर वाचणारे वर्षाचे तीन-सव्वातीन लाखही तुम्ही गुंतवाल असं धरलंय.) ५८ पासून कर्मचारी पेन्शन सुरू होईल, पण तिच्यावर फार भिस्त नको. पगार कितीही असला तरी ती १५ हजारांच्या मर्यादेवर मोजली जाते, २०१४ पूर्वीच्या नोकरीसाठी तर साडेसहा हजारांवर. तुमच्या बाबतीत ती चार-पाच हजारांच्या घरात येईल, आणि महागाईबरोबर ती वाढत नाही. पन्नाशीनंतर ती लवकर सुरू करता येते, पण दर वर्षामागे चार टक्के कापले जातात आणि ती कपात कायमची असते. ५५ ला घेऊ नका.

म्हणजे ५५ ला सोडणं चुकीचं का? तसं नाही. ते तुम्ही कुठे राहणार यावर अवलंबून आहे, आणि पत्रात हे ठरलेलं नाही. गावी राहायचं म्हणता, पण हिशेबात चिंचवडचा फ्लॅट बंद ठेवून दोन्ही घरांचा खर्च धरता. तोच फ्लॅट भाड्याने दिला आणि मेंटेनन्स, मधला एखादा रिकामा महिना वजा जाता महिना १८ हजार हातात आले, तर वर्षाचे २ लाख १६ हजार होतात. त्यांची २६ पट म्हणजे ५६ लाख. ५५ ची तूट यातच भरून निघते. घरखर्चातले दर महिन्याचे हजार रुपये म्हणजे पुंजीतले सव्वातीन लाख, हे प्रमाण लक्षात ठेवलंत तर पुढचे बरेच निर्णय सोपे जातील.

पण फ्लॅट भाड्याने गेला की पत्नीच्या शिकवण्या बंद. इथे मला तुम्हाला जरा थांबवायचंय. ५५ ला गावी जायचा बेत करताना तुम्ही स्वतःबरोबर त्यांचीही निवृत्ती ठरवून टाकली आहे, ५३ व्या वर्षी आणि त्यांना न विचारता. 'भाजी-किराण्यातच जातात' म्हणून ते १२ हजार तुम्ही हिशेबातून वगळलेत, पण घरातलं रोजचं जेवण त्यावर चालतं. 'घरी बसून काय करणार' या प्रश्नात टोमणा आहे असं तुम्ही धरलंय. मला तो रास्त प्रश्न वाटतो. दुपारी चार ते सात बाहेरच्या खोलीत पोरं बसलेली असतात, तेव्हा तुम्ही कुठे असाल, हे त्यांना जाणून घ्यायचं असेल. त्यांना 'तू गावी येशील का' असं विचारू नका, त्याचं उत्तर त्यांनी दिलंय. त्याऐवजी वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवा आणि कोणता महिना कोण कुठे राहील ते दोघांनी मिळून भरा. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि नवी बॅच जूनमध्ये सुरू होते. एप्रिल-मे हेच आंब्याचे महिने. पंधरा दिवसांचे दोन महिने होऊ शकतात, कोणाचंही काम न मोडता.

गावाबद्दलही थोडं स्पष्ट बोलतो. चाकरमान्यांनी गाव पाहिलेला असतो गणपतीत आणि मे महिन्यात. निर्णयाआधी जुलैत सलग पंधरा दिवस राहून बघा. वीज किती वेळ जाते, रात्री आईला बरं वाटेनासं झालं तर गाडी आणि डॉक्टर किती वेळात मिळतात, तुमची औषधं राजापुरात मिळतात की रत्नागिरीहून आणावी लागतात, हे कळेल. कलमांचं उत्पन्न खर्चाच्या कागदावर शून्य धरा. हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेतो. अवकाळी पाऊस मोहोर झोडपतो. फवारणी, राखण, काढणी, पेट्या, सगळ्याला रोख पैसा लागतो. आणि माकडं कोणाचं ऐकत नाहीत. आलं उत्पन्न तर ते वरकड समजा. शिवाय घर आणि कलमं सामाईक आहेत. इतकी वर्षं भावाने राखण केली आहे. तुम्ही कायमचे जाण्याआधी सातबाऱ्यावर कोणाची नावं आहेत आणि उत्पन्नाचा वाटा कसा राहील, हे आईच्या हयातीत, तिच्यासमोर, लिहून ठरवा. नंतर तेच बोलणं कडू होतं.

आता तुमच्या 'जीव रमत नाही'कडे येऊ. दोन आठवडे रोज रात्री एकच ओळ लिहा: आज सगळ्यात जास्त कशाने थकवलं. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये गेलेले तास, रात्री लाइन थांबली म्हणून आलेला फोन, ग्राहकाकडून परत आलेला माल, की खुद्द काम? पहिल्या तिन्हींना नोकरी सोडण्याआधीचे उपाय आहेत. विभाग बदलून मागणं, रात्रीचे फोन कनिष्ठाकडे सोपवणं, आठवड्यातला एक दिवस सप्लायर ऑडिटसाठी बाहेर काढणं हे सगळं २७ वर्षांच्या माणसाला मागता येतं. ओळींमध्ये बहुतेक वेळा 'काम' असंच आलं, तर तारीख अलीकडे ओढायला ते सबळ कारण आहे, आणि तेव्हा पैशाच्या तुटीसाठी दुसरा मार्ग शोधायचा.

तुमच्या तीन इच्छाही एका माळेत ओवू नका. आईजवळ राहणं थांबू शकत नाही, आणि त्याला निवृत्तीची गरजही नाही. साठलेल्या रजेतून दर महिन्याला एक जोडून सुट्टी काढून चार दिवस जा. वर्षाचे ४८ दिवस होतात. हे या महिन्यापासून सुरू करा. तिचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर त्याच फेरीत काढा. ७० वर्षांवरच्या कोणालाही, उत्पन्नाची अट न ठेवता, आधार कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण त्यात मिळतं.

परिक्रमेचं वेगळं आहे. नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब, दोन्ही काठ धरून २,६०० च्या वर. रोज २५ किलोमीटर चाललात तर नुसत्या चालण्याचे १०४ दिवस. विश्रांती, आजारपण, वळसे धरून चार ते पाच महिने. चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी थांबतात, म्हणून कार्तिकी एकादशीनंतर निघायचं आणि उन्हाळा चढण्याआधी बरंचसं अंतर कापायचं. मधुमेहात सगळ्यात आधी त्रास देतात ते पाय. पायांच्या संवेदनेची तपासणी, डोळ्यांची तपासणी आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, ही निघायच्या सहा महिने आधी करून घ्या. पायाला फोड आलेला कळला नाही तर जखम चिघळते. आळंदीहून पंढरपूरची वारी आधी करून बघा. माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि आषाढी एकादशीच्या आत पंढरपुरात पोहोचते. ही तीन आठवड्यांच्या रजेत बसते, आणि आळंदी तुमच्या घरापासून जवळ आहे. गुडघे आणि साखर काय म्हणतात ते तिथे समजेल. परिक्रमा साठीनंतर होणारच नाही असं नाही, पण ती पुढे ढकलण्याचा धोका पैशाच्या धोक्यापेक्षा कमी लेखू नका. पाच महिन्यांची बिनपगारी रजा कंपनीकडे लेखी मागून बघा. बहुतेक कंपन्या नाही म्हणतात, तरी विचारण्यात काही जात नाही, आणि कधी कधी त्यातूनच अर्धवेळ कामाचं बोलणं निघतं.

माझा कल ५६ कडे आहे: पूर्ण वेळची नोकरी ५६ ला सोडायची आणि पुढची पाच वर्षं निम्मं काम करायचं. तेव्हा तूट असेल ३४ लाख. क्वालिटीच्या माणसाला चाकण-भोसरी पट्ट्यात छोट्या सप्लायरांकडे काम मिळू शकतं: आयएटीएफच्या (वाहन उद्योगातल्या दर्जाच्या मानकाच्या) ऑडिटची तयारी, पीपीएपीची (सुटा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची) कागदपत्रं, तक्रारींचं मूळ शोधणं. महिन्याला आठ-दहा दिवसांत कर वजा जाता ४५ हजार मिळाले तर पाच वर्षांत आजच्या हिशेबाने २५ लाख भरून निघतात, आणि पत्नीच्या शिकवण्या सहा वर्षं चालल्या तर आणखी आठ लाख. फ्लॅट भाड्याने द्यावा लागत नाही, गावही सुटत नाही. सल्लागार म्हणून वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. समोरची कंपनी दहा टक्के टीडीएस कापेल, तो विवरणपत्रात जुळवून घ्यायचा. पण हे काम नोकरी सोडल्यावर शोधायला लागू नका. आत असतानाच दोन सप्लायरांशी बोलून ठेवा, आणि तुमच्या करारात सोडल्यानंतर काम करण्यावर काही बंधन आहे का ते वाचा. पुढच्या दीड वर्षात एकही काम ठरलं नाही, तर ५६ विसरा आणि ५८ ची तयारी करा.

जे काही ठरवाल ते ५५ पूर्ण होण्याआधी अमलात आणू नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेसाठी साधारणपणे ६० वर्षं लागतात, पण निवृत्त झालेल्याला ५५ पासून खातं उघडता येतं. अट अशी की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडायचं, आणि त्या पैशांपुरतंच. कंपनीचं निवृत्तीचं आणि मिळालेल्या रकमांचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून एचआरकडून पत्रातला शब्द आधीच पाहून घ्या. नुसतं 'राजीनामा मंजूर' असं पत्र घेऊन पोस्टात गेलात तर वाद होऊ शकतो. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत दोघांच्या नावे १५ लाख ठेवले तर ७.४ टक्क्यांनी महिना ९,२५०. दोन्ही मिळून महिन्याला पावणेतीस हजारांची बैठक तयार होते.

फंडातले ४१ लाख लगेच मोडू नका, पण पहिली तीन वर्षं त्यांना हात लावावा लागणार नाही अशी व्यवस्था करा. २०२० च्या जानेवारीत ४२ हजारांवर असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला होता. पगार चालू असलेल्याला त्याने काही झालं नाही. ज्याला त्याच महिन्यात घरखर्चासाठी युनिट्स विकावी लागली, त्याची ती युनिट्स बाजार वर आला तेव्हा उरलेलीच नव्हती. पीएफही नोकरी सुटल्यावर वर्षानुवर्षं तसाच ठेवू नका. ५५ नंतर निवृत्त झालेल्याचं खातं तीन वर्षांनी निष्क्रिय होतं, आणि नोकरी सुटल्यानंतर जमा झालेल्या व्याजावर कर लागतो.

सगळ्यात तातडीचं काम या सगळ्याच्या आधीचं आहे. स्वतःचा आरोग्य विमा याच महिन्यात घ्या, कंपनीचा चालू असताना. आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. आज पॉलिसी घेतलीत तर तो बराचसा नोकरीतच संपेल. निवृत्तीच्या दिवशी घेतलीत तर मधुमेहाशी जोडलेला प्रत्येक खर्च तीन वर्षं तुमच्या खिशातून. दोघांची मिळून दहा लाखांची मूळ पॉलिसी आणि वर ३०-४० लाखांचा सुपर टॉप-अप, म्हणजे मूळ पॉलिसीच्या वरचा खर्च भरणारा जादा विमा, घ्या. मधुमेह आणि चालू औषधं अर्जात लिहा, एजंट नको म्हणाला तरी. लपवलेला आजार सापडला की दावा तिथेच अडतो. एका कंपनीने नाकारलं तर दुसरीकडे अर्ज करा, हप्ता वाढवून देणाऱ्या कंपन्या मिळतात. कुठेच जमलं नाही, तर कंपनीची गट पॉलिसी ज्या विमा कंपनीची आहे तिच्याच वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते. त्यासाठी नोकरी सुटण्याआधीच लेखी अर्ज करा.

आणि तारीख. कार्तिकी एकादशी बहुतेक नोव्हेंबरात येते. त्याआधी महिनाभर कागदपत्रांसाठी धरला, म्हणजे शेवटचा कामाचा दिवस सप्टेंबरअखेर. तीन महिन्यांची नोटीस असेल तर पत्र जूनच्या शेवटी. पीएफच्या पोर्टलवर आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि २७ वर्षांपूर्वी भरलेलं नाव जुळतं का, त्याआधी कुठे नोकरी केली असेल तर तिथली सोडल्याची तारीख नोंदलेली आहे का, वारस म्हणून अजून आईचं नाव आहे की पत्नीचं, हे मात्र आजच उघडून बघा. दुरुस्तीसाठी कंपनीची संमती लागली, तर आत असताना ती दोन दिवसांत मिळते.